घोडे अजून पळतायत, पण पेपरवाला मैदानावर नाही

बरीच वर्षं मी एका पेपरच्या क्रीडा डेस्कवर उपसंपादक होतो आणि तिथे एक गोष्ट पहिल्या महिन्यातच कळली, की मॅचच्या बातमीत चूक गेली तर दुसऱ्या दिवशी एखादा फोन येतो किंवा येतही नाही, पण रेसच्या पानावर एखाद्या घोड्याच्या पाठीवरचं वजन ५२.५ ऐवजी ५५.२ किलो छापून गेलं की सकाळी सातपासून फोन वाजायला लागतो. आणि पलीकडचा माणूस चिडलेला कमी, दुखावलेला जास्त असतो. एका काकांनी मला अगदी शांतपणे समजावलं होतं, "अहो, सोळाशे मीटरला एवढ्या वजनात तीन-एक लेंथ (एक लेंथ म्हणजे एका घोड्याची लांबी) इकडच्या तिकडे होतात, पहाटेपासून हिशोब मांडत बसलोय, आता तुमच्या पानातला कुठला आकडा खरा धरू?" मी माफी मागितली, आणि त्या दिवसापासून रेसकार्डाचं, म्हणजे दिवसाच्या शर्यती आणि घोड्यांच्या यादीचं, प्रूफ दोनदा वाचायला लागलो.

मग एका संध्याकाळी मीटिंगमध्ये ठरलं की उद्यापासून घोडे नकोत. कागद महाग, जागा कमी, तरुण वाचक ते पान बघत नाहीत, जाहिरात तर शून्य. पहिला आठवडा फोन आले, दुसऱ्या आठवड्यात कमी झाले, महिन्याभराने एकही नाही. वरच्या लोकांनी त्या शांततेचा अर्थ असा लावला की बघा, कोणाला पडलेलीच नव्हती. मला तेव्हाही ते पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही, कारण रेसच्या पानासाठी पेपर घेणारा माणूस पान गेल्यावर तक्रार करत बसत नाही, तो पेपरच बंद करतो. फोन थांबले याचा अर्थ तो माणूस आपल्याकडून उठून गेला, एवढाच होता.

हे माझ्या एका ऑफिसपुरतं नाही, जगभर झालंय. ज्या देशांत एकेकाळी दर मोठ्या पेपरचा स्वतःचा रेसिंग बातमीदार असायचा तिथे आता वर्षातल्या दोन-तीन मोठ्या शर्यतींची बातमी येते, तीही बहुतेक वेळा एजन्सीची, सोबत बायकांच्या टोप्यांचा एक फोटो. बाकी तीनशे साठ दिवस जणू घोडे पळतच नाहीत. मला यात टिपा गेल्याचं दुःख नाही, रेसकार्ड गेल्याचंही फार नाही, ते सगळं मोबाईलवर आहे आणि पेपरपेक्षा कितीतरी चांगलं आहे. मला खुपतंय ते हे, की पानाबरोबर माणूसही काढला. मैदानावर रोज उभा राहणारा, घोड्यांच्या मालकाकडून, बुकीकडून किंवा क्लबकडून पगार न घेणारा माणूस. तो गेल्यावर या धंद्यावर बाहेरची नजर उरत नाही, आणि ज्या धंद्यात एवढा रोख पैसा आहे आणि ज्यातला मुख्य खेळाडू बोलू शकत नाही, तिथे बाहेरची नजर नसणं फार वाईट आहे.

आधी ते पान म्हणजे काय होतं ते सांगतो, कारण ज्यांनी कधी वाचलं नाही त्यांना वाटतं की त्यात फक्त आज कुठला घोडा लावायचा एवढंच असायचं. एका घोड्याच्या नावापुढे दोन ओळी असायच्या, मुंगीएवढ्या टाइपात. ४-१-०-२, म्हणजे मागच्या चार रनमध्ये चौथा, पहिला, मग कुठेच नाही, मग दुसरा. त्यापुढे वय, वजन, जॉकी, ट्रेनर, ड्रॉ म्हणजे शर्यत सुटताना मिळालेली जागा. आता जाणता वाचक त्या शून्यापाशी थांबायचा. चांगला जिंकून आलेला घोडा पुढच्याच रनला कुठेच का नाही? अंतर वाढवलं होतं का, पावसाने ट्रॅक जड होता का, बाहेरचा ड्रॉ मिळाला होता का, की जॉकीने त्याला मोकळं सोडलंच नाही? शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, आणि त्याचं उत्तर आकड्यात कधीच नसतं, ते फक्त मैदानावर दुर्बीण लावून बसलेला माणूस देऊ शकतो, "सरळ रस्त्यावर आल्यावर जॉकीचा हात हललाच नाही" अशा एका वाक्यात. असं वाक्य छापून आलं की ट्रेनर दुसऱ्या दिवशी बातमीदाराशी बोलत नसे, आणि स्टुअर्ड्सना, म्हणजे शर्यतीच्या पंचांना, निदान चौकशीचं नाव तरी घ्यावं लागे.

या दोन ओळींत एवढं ज्ञान भरता येतं हे काही आपोआप झालेलं नाही, ते पेपरवाल्यांनीच घडवलंय. १८९४ मध्ये शिकागोत फ्रँक ब्रुनेल नावाच्या माणसाने, जो आधी शिकागो ट्रिब्यूनचा क्रीडा संपादक होता, डेली रेसिंग फॉर्म काढला, आणि नंतर त्यातच प्रत्येक घोड्याच्या मागच्या शर्यती एका तक्त्यात मांडायची पद्धत रुळली. त्यासाठी प्रत्येक ट्रॅकवर पेपरचे लोक असायचे, एकजण दुर्बिणीतून बघत कुठला घोडा कुठल्या खांबापाशी कितवा आहे, पुढच्यापासून किती लेंथवर आहे ते भराभर बोलायचा आणि दुसरा लिहून घ्यायचा. दहा-बारा घोडे, दीड-दोन मिनिटं, रीप्ले नाही. विचार करा काय डोळे असतील त्यांचे!

ब्रिटनमध्ये तर याहून पुढची गोष्ट होती. तिथे घोड्याचा स्टार्टिंग प्राइस, म्हणजे शर्यत सुटताना भाव काय होता ते, ज्यावर देशभरातल्या बेटिंग शॉप्समध्ये पैसे चुकते व्हायचे, तो ठरवायचे कोण, तर स्पोर्टिंग लाइफ आणि स्पोर्टिंग क्रॉनिकल या दोन पेपर्सचे बातमीदार. ते बुकींच्या रांगेतून हिंडायचे, फळ्यावरचे भाव बघायचे, आपापल्या वह्या जुळवायचे आणि एक आकडा द्यायचे. तो आकडा सगळा देश मानायचा. बुकीला भाव विचारला तर तो स्वतःच्या सोयीचाच सांगणार, म्हणून तिसरा माणूस हवा आणि तो पेपरचा हवा, इतकं साधं ते लॉजिक होतं. स्पोर्टिंग क्रॉनिकल १९८३ मध्ये बंद पडला. स्पोर्टिंग लाइफ १८५९ पासून चालू होता, तो १९९८ मध्ये छापायचा थांबला, आता त्या नावाची वेबसाइट आहे. आणि २०२० च्या कोविडनंतर तिथला स्टार्टिंग प्राइस मैदानावरच्या बुकींपेक्षा मोठ्या बेटिंग कंपन्यांच्या स्वतःच्या भावांवरून निघायला लागला. म्हणजे ज्याला पैसे चुकते करायचेत त्याच्याच भावातून भाव निघणार. कुंपणानेच शेत खाल्लं असं मी म्हणत नाही, नियम असतील, तपासणी असेल, पण आधी तिथे वही घेऊन उभा असलेला माणूस आता नाही हे तर खरं आहे ना.

लोकांचा या बातमीदारांवर किती विश्वास होता याचं एक उदाहरण मला कायम आठवतं. १९८३ च्या फेब्रुवारीत आयर्लंडमधून शेरगर नावाचा घोडा चोरीला गेला, दोन वर्षांपूर्वीचा एप्सम डर्बीचा विजेता, दहा लेंथने जिंकलेला. चोरांच्या नावाने फोन आला तेव्हा बोलणी करायला मंत्री मागितला नाही, पोलीस अधिकारी मागितला नाही, तीन रेसिंग पत्रकार नावानिशी मागितले, डेरेक थॉम्पसन, जॉन ओक्सी आणि पीटर कॅम्पलिंग, आणि त्यांना बेलफास्टला बोलावलं. त्यातून निष्पन्न काही झालं नाही, घोडा कधीच सापडला नाही. पण गुन्हेगारालासुद्धा मधला माणूस म्हणून रेसचे पत्रकारच आठवावेत, यातच काय ते आलं.

न्यूयॉर्कला जग बिग ॲपल म्हणतं, तेही रेसच्या पानावरूनच रुजलं. मॉर्निंग टेलिग्राफचे रेसिंग बातमीदार जॉन फिट्झ जेरल्ड यांनी १९२० च्या दशकात न्यू ऑर्लीन्सच्या तबेल्यात काम करणाऱ्या पोरांच्या तोंडून तो शब्द ऐकला, त्यांच्या दृष्टीने न्यूयॉर्कचे ट्रॅक म्हणजे सगळ्यात मोठं बक्षीस, आणि फिट्झ जेरल्डनी ते आपल्या कॉलमचं नावच करून टाकलं. तबेल्यातल्या पोराचा शब्द शहराचं नाव होतो, कारण तिथे रोज जाणारा, त्या पोरांशी बोलणारा एक पेपरवाला होता.

मग हे सगळं घसरलं का? कारणं बरीच आहेत आणि ती काही गुपित नाहीत. अमेरिकेत कित्येक दशकं कायदेशीर पैसे लावायचे तर रेसकोर्स हीच मुख्य जागा होती, त्यामुळे गर्दी आपोआप यायची आणि पेपरला ती गर्दी हवी असायची. १९६४ मध्ये न्यू हॅम्पशायर राज्याने लॉटरी काढली, गंमत म्हणजे तिचा निकालही एका घोड्यांच्या शर्यतीवरच बांधलेला होता, मग एकेका राज्याने लॉटरी काढली, १९७८ मध्ये अटलांटिक सिटीत कॅसिनो आला, आणि २०१८ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने बाकी खेळांवरच्या बेटिंगचा रस्ता मोकळा केला. घोड्याचा अभ्यास करायला दोन तास लागतात, स्लॉट मशीनला दोन सेकंद. कोण थांबणार? ट्रॅकही गेले. हॉलिवूड पार्क २०१३ मध्ये, शिकागोजवळचं आर्लिंग्टन २०२१ मध्ये, गोल्डन गेट फील्ड्स २०२४ मध्ये, आणि त्याच वर्षी मकाव आणि सिंगापूर दोन्हीकडची रेसिंग संपली, सिंगापूरची तर १८० वर्षांहून जुनी.

दुसऱ्या बाजूने पेपरही आजारी. छापायची डेडलाइन इतकी अलीकडे आली की संध्याकाळची शर्यत पानात बसत नाही. २०२३ मध्ये लॉस एंजेलिस टाइम्सने छापील पेपरातली स्कोअरची कोष्टकं बंद केली, त्याच वर्षी न्यूयॉर्क टाइम्सने आपला क्रीडा विभागच बंद केला. जिथे बेसबॉल आणि फुटबॉलची ही गत तिथे घोड्यांचं काय सांगायचं. आणि तिसरं कारण, जे मोकळेपणाने कोणी बोलत नाही पण मीटिंगमध्ये असतं, ते म्हणजे लाज. रेसचं पान म्हणजे जुगाराचं पान, आणि वर प्राण्यांचे हाल, आपल्या सभ्य पेपरात कशाला हवं.

या लाजेशी मला भांडायचंय, कारण ती खोटी नाही आणि म्हणूनच तिला नीट उत्तर द्यायला पाहिजे.

जुगारात घरं बुडाली आहेत, माझ्याही ओळखीत बुडाली आहेत, त्यामुळे पेपरने टिपा छापू नयेत असं कोणी म्हटलं तर मी हो म्हणेन. पण जरा बघा प्रत्यक्षात काय झालं. रेसचं पान गेलं आणि बेटिंगच्या जाहिराती राहिल्या. गार्डियनने २०२३ च्या जूनमध्ये जुगाराच्या जाहिराती घ्यायच्या बंद केल्या, लॉटरी सोडून, आणि त्याची बातमी झाली, म्हणजे बाकीचे काय करतायत ते समजून घ्या. म्हणजे पैसे लावा असं सांगणारी जागा पेपरात आहे, आणि ज्यावर पैसे लावतायत तो धंदा कसा चाललाय हे सांगणारी जागा नाही. याला मी सभ्यपणा म्हणू शकत नाही. आज रेसिंगबद्दल जे काही लिहिलं जातं, व्हिडिओ, प्रीव्ह्यू, पॉडकास्ट, त्यातलं बरंच बेटिंग कंपन्यांच्या पैशावर चालतं, तुम्ही लिंकवरून गेलात आणि अकाउंट उघडलं की लिहिणाऱ्याला कमिशन. बाकीचं क्लब आणि ट्रॅक स्वतः बनवतात, चकचकीत, ड्रोनवरून घेतलेलं. यातला कोण सांगेल की आज तिसऱ्या शर्यतीत फेव्हरिटला आवरून धरला होता?

आता घोड्यांचा मुद्दा, जो मला सगळ्यात जवळचा आहे. २०१२ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्क टाइम्सने एक मोठी शोधबातमी छापली, दीड लाखाहून जास्त शर्यतींच्या नोंदी कॉम्प्युटरने तपासून. अमेरिकेतल्या ट्रॅक्सवर दर आठवड्याला सरासरी २४ घोडे मरतायत असं त्यात निघालं. आता त्यांनी नोंदींत काय शोधलं ते बघा. प्रत्येक शर्यतीच्या नोंदीत शेवटी एक बारीक शेरा असतो, अमुक घोडा मध्येच मोडला, अमुक घोड्याला गाडीत घालून नेलं. गाडीत घालून नेलं, एवढंच. वर्षानुवर्षं ते शेरे तिथे पडून होते, कोणीही वाचू शकत होतं, पण ते एकत्र मोजायचं कोणाला सुचलं नाही किंवा मोजायचं नव्हतं. या नोंदी पूर्वी डेली रेसिंग फॉर्मची माणसं घ्यायची, १९९० च्या दशकात ते काम इक्विबेसकडे गेलं, जी रेसिंग उद्योगाचीच संस्था आहे. मोजायला मात्र पेपरच लागला, आणि त्या टीममध्ये शोधपत्रकारांच्या बरोबरीने जो ड्रेप नावाचा रेसिंग बातमीदार होता, ज्याला तबेल्याची भाषा येत होती. भाषा न येणारा माणूस त्या शेऱ्यावरून पुढे गेला असता.

त्यानंतर कॅलिफोर्नियातल्या सांता अनिटा ट्रॅकवर २०१९ च्या सीझनमध्ये तीसच्या आसपास घोडे मेले, २०२० च्या मार्चमध्ये डोपिंगच्या केसमध्ये मोठमोठ्या ट्रेनर्सवर फेडरल आरोप झाले, त्याच वर्षाच्या शेवटी नवा कायदा झाला आणि २०२२ च्या जुलैपासून देशातल्या बहुतेक ट्रॅक्सना एक सुरक्षा नियमावली आली. अमेरिकन जॉकी क्लबच्या आकड्यांनुसार २००९ मध्ये दर हजार स्टार्ट्समागे, म्हणजे घोडे हजार वेळा पळाले की, दोन घोडे दगावत होते, २०२३ मध्ये ते १.३२ वर आलं. सगळं श्रेय पेपरला देणं चूक होईल, डॉक्टर, स्टुअर्ड्स, काही चांगले मालक, प्राण्यांसाठी लढणारे लोक, सगळ्यांनी ओढलंय. पण कोणी जोरात ओरडल्याशिवाय हे हललं असतं असं मला वाटत नाही. आणि जे म्हणतात की असा खेळ दाखवूच नका, मरू दे, त्यांना मी विचारतो की तुम्ही न दाखवल्याने तो मेला का? पैसे मोबाईलवर लागतायतच, घोडे पळतायतच, फक्त आता मेलेला घोडा कोणाला दिसत नाही. मकाव आणि सिंगापूरला रेसिंग बंद झाली तेव्हा तबेल्यात जिवंत घोडे होते, त्यांना कुठेतरी जावं लागणार होतं. अशा वेळी एकेक नाव घेऊन "हा कुठे गेला, तो कुठे गेला" असं विचारत बसणारा माणूस लागतो, आणि तो रोज तिथे जाणारा असेल तरच त्याला नावं माहीत असतात.

एक मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवं, जुने रेसिंग बातमीदार काही सगळे धुतल्या तांदळाचे नव्हते. ट्रेनरच्या बॉक्समध्ये बसून जेवणारे होते, मालकाच्या मर्जीतले होते, स्वतः खेळणारे तर बहुतेक सगळेच. इंजेक्शनं कोण देतंय, मेलेल्या घोड्याबद्दल काय लपवलं जातंय हे त्यातल्या अनेकांना माहीत होतं आणि त्यांनी लिहिलं नाही, कारण उद्या परत त्याच तबेल्यात जायचं असायचं. हा दोष खरा आहे. पण त्याला उपाय म्हणून माणूस चांगला नेमा, त्याला संपादकाचा पाठिंबा द्या, दर काही वर्षांनी बदला. पहारेकरी झोपतो म्हणून पहाराच उठवला असं कोणी करतं का?

चांगला पहारा कसा असतो त्याची माझ्या मते सगळ्यात सुंदर गोष्ट १९७३ च्या मे महिन्यातली आहे. अमेरिकेतल्या पिम्लिकोच्या ट्रॅकवर प्रीकनेस स्टेक्स ही मोठी शर्यत. सेक्रेटॅरियट हा घोडा पहिल्याच वळणावर मागून सगळ्यांना बाहेरून ओलांडून पुढे गेला आणि जिंकला. इलेक्ट्रॉनिक घड्याळाने वेळ दाखवली १ मिनिट ५५ सेकंद. पण डेली रेसिंग फॉर्मचे दोन क्लॉकर, म्हणजे वेळ मोजणारे, तिथे स्टॉपवॉच घेऊन उभे होते, एकमेकांपासून वेगळ्या ठिकाणी, आणि दोघांच्याही घड्याळात आलं १ मिनिट ५३ आणि दोन पंचमांश सेकंद. वेगवेगळे उभे राहून दोघांचं एकच. तेव्हाचा रेकॉर्ड होता १ मिनिट ५४, म्हणजे यांचं खरं धरलं तर रेकॉर्ड मोडला होता. दोन दिवसांनी ट्रॅकने कबूल केलं की आमचं मशीन चुकलं, पण वेळ घेतली स्वतःच्या क्लॉकरची, १ मिनिट ५४ आणि दोन पंचमांश, म्हणजे रेकॉर्डच्या जरा अलीकडेच. सुनावणी झाली, काही बदललं नाही. पेपरने मात्र आपली वेळ सोडली नाही, अधिकृत वेळेबरोबर आपली वेळही छापत राहिला. शेवटी २०१२ मध्ये घोड्याच्या मालकीणबाई पेनी चेनरी यांच्या विनंतीवरून मेरीलँडच्या रेसिंग कमिशनने जुन्या फिल्म नव्या तंत्राने तपासल्या आणि एकमताने वेळ बदलली, १ मिनिट ५३. ३९ वर्षांनी. घोडा १९८९ मध्येच गेला होता. पेपरची दोन माणसं ट्रॅकच्या मशीनपेक्षा खऱ्याच्या जवळ होती, आणि तिथे त्यांना दुसरा कोणाचा पगार नव्हता म्हणून ती आपल्या आकड्यावर ठाम राहू शकली.

आज ट्रॅक्सवर जीपीएस आहे, सेन्सर आहेत, कॅमेरे आहेत, मला माहीत आहे. पण ते सगळे कोणाचे आहेत? घड्याळ कितीही भारी झालं तरी वेळ कोण जाहीर करतंय आणि त्याला खोटं पाडायला समोर कोणी आहे का, हा प्रश्न १९७३ मध्ये होता तसाच आहे.

आणि असं समजू नका की पहारा म्हणजे फक्त भानगडी शोधणं. जपानमध्ये क्रीडा दैनिकं आजही घोड्यांना भरभरून पानं देतात, मिहो आणि रित्तो या दोन मोठ्या ट्रेनिंग सेंटरवर पेपरांची माणसं पहाटे स्टॉपवॉच घेऊन सरावाच्या वेळा घेत असतात, आणि तिथे गर्दीही टिकून आहे. तिथलीच हारू उराराची गोष्ट. कोची नावाच्या छोट्या शहरातलं कर्जात बुडालेलं रेसकोर्स, बंद पडायच्या बेतात, आणि तिथे एक घोडी जी कधीच जिंकत नव्हती. २००३ मध्ये ट्रॅकच्या अनाउन्सरने स्थानिक पेपरच्या बातमीदाराला सांगितलं की ही किती वेळा हरलीय बघ, त्याने एक छोटी बातमी केली, मोठ्या पेपर्सनी ती उचलली, आणि बघता बघता सगळा देश त्या हरणाऱ्या घोडीच्या मागे लागला. २००४ च्या मार्चमध्ये जपानचा सगळ्यात मोठा जॉकी युताका ताके तिच्यावर बसला, तेरा हजार लोक आले, ती अकरात दहावी आली आणि तरी लोक टाळ्या वाजवत राहिले. एकूण ११३ शर्यती, एकही विजय नाही. रेसकोर्स वाचलं. डेटाच्या कुठल्याही तक्त्यात ही घोडी तुम्हाला सापडली नसती, कारण तक्ता जिंकणाऱ्याला वर लावतो आणि ती सगळ्यात खाली होती. ती सापडली कारण अनाउन्सरच्या ओळखीचा एक पेपरवाला होता ज्याला त्याने सहज बोलता बोलता सांगितलं.

म्हणून माझं म्हणणं फार मोठं नाही. पान परत आणा असं मी म्हणत नाही, त्या मुंगीच्या टाइपातले आकडे परत छापा असंही म्हणत नाही, टिपा तर नकोच. ज्या शहरात रेसकोर्स आहे तिथल्या प्रत्येक मोठ्या पेपरने एक माणूस ठेवावा, एकच, आणि त्याला सीझनभर तिथे जाऊ द्यावं, त्याला पैसे लावायला बंदी असावी, ट्रॅककडून जेवण आणि बुकीकडून कमिशन घ्यायला बंदी असावी. त्याने रोज लिहिलंच पाहिजे असंही नाही, आठवड्याला एकदा लिहिलं तरी चालेल. कुठला फेव्हरिट कारण नसताना मागे राहिला, कुठला ट्रेनर अचानक जिंकायला लागला, तबेल्यातल्या पोरांना पगार वेळेवर मिळतो का, निवृत्त झालेले घोडे कुणाकडे गेले. आणि शेवटी दर आठवड्याला न चुकता एक यादी, अगदी बारीक टाइपात चालेल, कुठले घोडे त्या आठवड्यात मैदानावर उतरले आणि स्वतःच्या पायांनी परत तबेल्यात गेले नाहीत, नावासकट, वयासकट.

ते काका अजून असतील तर त्यांचा फोन येईल. यादीत एखाद्याचं वय चुकलं असेल तर नक्कीच येईल.